पथारीवरचा लाल

यंदाही मिरची आली. मला कुणी सांगावं लागत नाही, माझं नाक सांगतं. सकाळी स्टुडिओचं शटर वर ढकललं की पहिला ठसका लागतो, डोळ्यांच्या कडा चुरचुरतात आणि घशात कुणीतरी नख ओढल्यासारखं होतं. नंदुरबारात हिवाळा थंडीने येत नाही, ठसक्याने येतो. दिवाळी सरली की गावाबाहेरची मोकळी मैदानं लाल व्हायला लागतात. बाजारातून ओली मिरची ट्रॅक्टरने येते आणि उन्हात वाळायला जमिनीवर पसरतात. त्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात.

बाहेरगावचे पाहुणे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून सेल्फी काढतात आणि म्हणतात, किती सुंदर. मला त्यांना बखोटीला धरून पथारीच्या मधोमध उघड्या हातांनी तासभर बसवावंसं वाटतं. मिरचीचे देठ खुडा, आणि मग त्याच बोटांनी एकदा डोळे चोळून दाखवा. तिथे काम करणाऱ्या बायका नाकातोंडाला फडकं बांधतात, हाताला तेल लावतात, तरी आठवड्याभरात बोटांची सालं निघतात. तान्हं मूल रडलं तर त्याला कोपराने थोपटतात, हात लावत नाहीत. एकीला मी विचारलं होतं, सवय होते का. ती हसली आणि म्हणाली, "मिरचीले थोडी सवय व्हस."

मी फोटोग्राफर आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, दुकानाचं उद्घाटन, आणि पासपोर्टचे आठ फोटो दहा मिनिटांत. वीस वर्षं हेच करतोय. ज्या उस्तादाकडे शिकलो त्याने पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावली होती: उजवा डोळा कॅमेऱ्याला लावलास तरी डावा मिटायचा नाही. फ्रेमच्या बाहेरून कोण आत येतंय ते डाव्या डोळ्याला कळलं पाहिजे. मिटला की टपली मारायचा. डावा डोळा उघडा ठेवायची सवय मला अशी मार खाऊन लागली.

आमच्या धंद्यात फोटो दोन तऱ्हांनी काढता येतो. एक जेपेग आणि दुसरी रॉ, तिला आम्ही कच्ची फाइल म्हणतो. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच फोटो शिजवून, ताट वाढून देतो. रंग चढवतो, सावल्या दाबतो, आणि माणसाच्या डोळ्याला ज्याची उणीव भासणार नाही असं त्याला वाटतं ते सगळं फेकून देतो. फेकलेलं पुन्हा मिळत नाही. कच्च्या फाइलीत मात्र भिंगातून आलेलं सगळं तसंच पडून असतं. ती फाइल पाच-सहा पट जड असते, कार्ड लवकर भरतं, आणि पहिल्यांदा उघडली की फोटो आजारी माणसासारखा फिका दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, हे काय काढलं. म्हणून लग्नात आम्ही सगळे जेपेगच मारतो. मांडवातून नवरी उठायच्या आत फोटो व्हॉट्सअॅपवर गेले पाहिजेत.

पण जेपेगचं लाल रंगाशी वैर आहे. नवरीचा लाल शालू कडक उन्हात काढा. त्याच्या चुण्या, जर, पदराखालची सावली, सगळं एका लाल पत्र्यात बुडतं. त्याला आम्ही म्हणतो, लाल फाटला. एकदा फाटला की त्यातून काही निघत नाही. नवरीच्या आईला मात्र तोच फोटो आवडतो.

दिनूभाऊलाही तोच आवडायचा. दिनूभाऊ माझा मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, त्याची मिरचीची पथारी. माझा पहिला कॅमेरा त्यानेच आणून दिला. त्याचा हात मोठा होता, द्यायलाही आणि मारायलाही. मी पाचवीत असताना त्याच्या पथारीवर चपलेसकट चालत गेलो, तर त्याने अशी मुस्काटात ठेवून दिली की दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. मग मोटारसायकलवर पुढे बसवून उसाचा रस पाजायला नेलं. दिनूभाऊ आधी मारायचा आणि मग पाजायचा. बैलाला मारायचा, कुत्र्याला मारायचा, मजुराला मारायचा, आणि घरच्यांनी म्हणायचं, रागीट आहे पण मनाचा मोकळा आहे. मीही म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याला पथारीचं कॅलेंडर छापायचं होतं. "मधू, लाल असा पाहिजे का भितवरथीन ठसका लागना पाहिजे," तो म्हणाला, भिंतीवरच्या कॅलेंडरनेही ठसका लागावा असा. मी कॅमेऱ्यात रंग सगळ्यात भडक ठेवले. त्याला मोबाइलवर लगेच पाठवायला जेपेग हवी आणि छापखान्याला मोठी फाइल हवी, म्हणून कॅमेरा दोन्ही काढेल असा लावला. एक बटण दाबलं की एकाच क्षणाच्या दोन फाइली, एक शिजलेली, एक कच्ची. एरवी मी असं करत नाही. त्या दिवशी केलं.

दुपारी तापीच्या अंगाने आभाळ काळं झालं. पथारीवाल्याला भर हिवाळ्यात ढग दिसणं म्हणजे घरात साप दिसणं. वाळत आलेली मिरची भिजली की काळी पडते, सडते. एकच आरडाओरड झाली. बायका फावड्यांनी, टोपल्यांनी, हातांनी मिरची ओढून ढीग करायला लागल्या. वारा सुटला तशी बारीक लाल धूळ उठली आणि माणसं आंधळ्यासारखी खोकत, शिव्या देत पळायला लागली. तेरसिंग आणि आणखी तिघं ताडपत्री ओढत होते. तेरसिंग धडगावकडच्या पाड्यावरचा, चाळिशीतला, बायको गुलीबाईबरोबर दर हंगामाला यायचा. घरी पावरी बोलायचे, आमच्याशी मोडकीतोडकी अहिराणी. ताडपत्री जुनी होती. वाऱ्याने तिच्यात हवा भरली आणि ती मधोमध टरकली.

पुढचं मी पोलिसांना असं सांगितलं: मी लेन्स बदलत होतो. आवाज आला म्हणून मान वर केली, तर तेरसिंग पथारीच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळच्या दगडापाशी पडलेला होता. मी सवयीने चार फोटो काढले. बाकी मला काही दिसलं नाही.

त्या चार फोटोंत काय आहे तेही सांगतो. डाव्या कडेला दगडापाशी तेरसिंग उताणा पडलाय. उजवीकडे दिनूभाऊ उभा आहे, हातात मिरची ओढायचं लोखंडी दाताळं. दोघांच्या मध्ये वीस-बावीस पावलांचं अंतर, आणि त्या अंतरात नुसता लाल. सपाट, सलग, फाटलेला लाल. फोटो पाहून कुणीही म्हणावं, मालक आपला मिरची ओढतोय, मजूर लांब दगडावर आपटलाय. पावसाचे चार थेंब पडले आणि थांबले. तेरसिंगला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. गुलीबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि मिरचीचे हात त्याच्या जखमेला लागू नयेत म्हणून तिने ते दोन्ही वर उचललेले होते. टेम्पो वळेपर्यंत मला ते दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनूभाऊ दुकानात आला. बसला नाही.

"मधू, पोलिसेसले फोटू दी टाक. पन मोबाइलवर धाडात ना, तेच दे. दुसरं काही दखाडानी गरज नही."

"भाऊ, त्याना जीव..."

"जीव शे त्याना. दारू पिसन पडना तो. बठ्ठा तेच सांगी ऱ्हायनात." बठ्ठा म्हणजे सगळे, त्याच्याच पथारीवरचे. मग माझ्याकडे न बघता, टेबलावरची लेन्स उचलून कपड्याने पुसत म्हणाला, "तू तवय ही काच बदली ऱ्हायन्ता. हो ना?"

त्याने विचारलं नव्हतं. त्याने माझ्या हातात वाक्य ठेवलं होतं, जसा पूर्वी कॅमेरा ठेवला होता. मी मान हलवली.

तो गेल्यावर मी कच्ची फाइल उघडली. का उघडली माहीत नाही. फिकी होती, राखेसारखी. मी संगणकावर लालाचा भडकपणा हळूहळू खाली ओढला. आधी मिरच्या सुट्या झाल्या, एकेक, सुरकुतलेल्या, देठासकट. मग पथारीच्या मधोमध, दिनूभाऊच्या पायापासून हातभर अंतरावर, एक काळपट ओला डाग वर आला. त्या डागापासून एक पट्टा निघाला होता. मिरच्या दोन्ही बाजूंना सारलेल्या, मधे चिरडलेल्या, ओल्या, आणि पट्टा सरळ दगडापर्यंत गेलेला. दाताळ्याचे दोन दात इतर दातांपेक्षा गडद होते. तेरसिंग दगडावर पडला नव्हता. तो पथारीच्या मध्ये पडला होता आणि त्याला ओढत दगडाजवळ नेऊन टाकलं होतं. मी फाइल बंद केली आणि पोलिसांना द्यायच्या जेपेगचा पेन ड्राइव्ह तयार केला.

त्या पट्ट्यातली मिरची त्याच दिवशी इतर मिरचीत मिसळून पोत्यांत गेली. पुढे ती दळली गेली असणार आणि कुणाच्या तरी रश्शात पडली असणार. त्या घरी कुणीतरी ठसका लागून हसलं असेल, पाणी मागितलं असेल. 

तेरसिंग वाचला. डाव्या हातात आणि पायात जोर राहिला नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं, मला दाताळ्याने मारलं आणि ओढत नेलं. त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण फोटोत तसं काही दिसत नव्हतं. कागदावर राहिलं, दारूच्या नशेत पाय घसरून पडला. तेरसिंगने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. त्याच्या पाड्यावर मात्र तेच पोचलं, आणि मिरचीला जाणारी टोळी नेणारे त्याला टाळायला लागले.

मी दोन वर्षं काय केलं? विचार केला. आम्हा शिकलेल्या माणसांना ते फार छान जमतं. कच्चं की शिजलेलं, यावर मी नव्या पोरांना व्याख्यानं दिली. म्हणायचो, जेपेग खोटं बोलत नाही रे, ती फक्त सगळं सांगत नाही. पोरं माना डोलवायची. स्वतःच्या मनाशी म्हणायचो, मी पोलिसांना दिला तो फोटो खराच होता, त्यात मी काही बदललं नव्हतं, जे गाळलं ते यंत्राने गाळलं. एकदा भर दुपारी हातोडी घेतली, ती कच्ची फाइल असलेली हार्ड डिस्क टेबलावर ठेवली आणि घाव घातला. घाव डिस्कवर बसला नाही, टेबलाच्या काचेवर बसला. काच अंगठ्यात घुसली, रक्त टेबलावर पसरलं. मी खुळ्यासारखा त्या रक्ताकडे बघत बसलो आणि मनात आलं, याचा फोटो काढला तर लाल फाटेल का. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

दिनूभाऊचं कॅलेंडर छापून आलं. ज्या दुपारी तेरसिंग पडला त्याच दिवशी सकाळी काढलेला फोटो, लालभडक. अर्ध्या गावाच्या भिंतीवर ते लटकलं. माझ्या दुकानातही. हंगाम उलटला, पुन्हा आला, पुन्हा गेला, आणि यंदा पुन्हा आला.

यंदाच्या हंगामात, मागच्या आठवड्यात, साडेअकराच्या सुमाराला गुलीबाई दुकानात आली. मागून तेरसिंग, काठी टेकत, डावा पाय फरशीवर घासत. मला वाटलं भांडायला आले. हातातलं पाण्याचं भांडं मी खाली ठेवलं, सांडायला नको म्हणून.

"याना फोटू काढाना शे," गुलीबाई म्हणाली. "अपंगना दाखलासाठे."

गावात दुसरे चार स्टुडिओ आहेत. मी विचारलं नाही, "आठेच का उनात?" स्टुलावर बसवलं, मागे निळा पडदा ओढला, दिवे लावले. त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. कपाळाच्या वर, केसांत, हाडालाच खोबण पडली होती, करंगळी मावेल एवढी. तिथे केस उगवले नव्हते. कातडी गुळगुळीत, गुलाबी, ताणलेली होती. दिव्यात ती चमकत होती. मी फोटो काढला आणि सवयीने, नुसत्या सवयीने, संगणकावर त्या खुणेवर ब्रश नेला. दाखल्याचा फोटो, पुसायचं काही कारण नव्हतं. पण माझा हात वीस वर्षं लोकांचे डाग पुसतोय.

"तो डाग ऱ्हाऊ दे," तेरसिंग मागून म्हणाला. "पुसू नको."

तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. मी त्याचा फोटो बंद केला, डिस्क जोडली, ती कच्ची फाइल उघडली, लाल खाली ओढला आणि संगणकाचा पडदा त्या दोघांकडे फिरवला.

"हाई मिरची. हाई तुन्ह रगत," मी म्हणालो. "आठे तुले मारं. आठेथीन तठे वढी लई गयात."

गुलीबाईने पुढे होऊन बोट ठेवलं. काचेवरून ते बोट हळूहळू त्या पट्ट्यावरून फिरवत दगडापर्यंत नेलं. पडद्यावर तिच्या बोटाचा तेलकट डाग उमटला.

"कधीना शे हाऊ फोटू?"

"त्याच दिनना."

"तवयपाईन तुन्हापाशी शे?"

"हो."

तिने बोट पडद्यावरून काढलं. मीच बोलायला लागलो. धबधब्यासारखा बोललो. पोलिसांना दिली ती दुसरी फाइल होती, तिच्यात लाल फाटतो, म्हणून रक्त दिसलं नाही, ही कच्ची आहे, हिच्यात सगळं असतं, आता मी ही देतो, मोठी प्रिंट काढून देतो, तुम्ही ती ठाण्यात न्या. जेपेग म्हणजे काय, रॉ म्हणजे काय, सगळं सांगितलं त्या माणसाला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली, ती पुन्हा वळली.

"फोटू ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू तठेच व्हता ना?"

"व्हतू."

"तुन्हा एक डोया कॅमेराले व्हता. दुसरा उघडा व्हता. मी देखा." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवत नव्हतं. "फटका बसना तवय मी तुन्हाकडेच देखी ऱ्हायन्तू. माले वाटनं, तू तरी वरडशी."

हो, होता उघडा. मी सगळं पाहिलं होतं. ताडपत्री फाटली, दिनूभाऊ दाताळं घेऊन धावत आला. पहिला दांडा पाठीत बसला. तेरसिंग वळला, दोन्ही हात वर करून म्हणाला, "मारू नको, सेठ, वारानी फाडी." दुसरा घाव लोखंडाच्या बाजूने आला, वरून, दोन्ही हातांनी. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला, माझ्याकडे पाहिलं आणि मग पुढे पडला, तोंड मिरचीत. दिनूभाऊने त्याला पायाने उताणा केला. त्याच्या दोघा माणसांनी तंगड्या धरून ओढलं, तेव्हा त्याचं डोकं मिरच्यांवरून उसळत गेलं. हे सगळं होत असताना माझं बोट बटणावर होतं आणि चाललं नाही. चाललं ते नंतर, सगळं संपल्यावर, सगळे आपापल्या जागी उभे राहिल्यावर.

मिरचीने डोळ्यांत पाणी येतं म्हणून या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही, का रडतोस. त्या दिवशी त्याचा मला उपयोग झाला. फोन वाजला. फोनवर दिनूभाऊचं नाव होतं. समोरच्या पानवाल्याने दोघांना दुकानात शिरताना पाहून त्याला कळवलं असणार. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"फोटू माले नको," तेरसिंग उठत म्हणाला. "तू सोता चाल. सोता सांग."

मी कच्ची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि शटर ओढलं. कॅमेरा आतच राहिला. ठाण्यापर्यंत चालायला दहा मिनिटं लागतात, आम्हाला अर्धा तास लागला. गुलीबाई पुढे होती. मी तेरसिंगच्या डाव्या बाजूने चालत होतो, पण त्याने माझा हात धरला नाही.

ठाण्यात कोवळ्या वयाचा एक हवालदार होता. कशासंबंधी, असं त्याने विचारलं. मी जुन्या प्रकरणाचं सांगितलं. पेन ड्राइव्ह पाहून तो म्हणाला, "नवीन फोटो आणलाय का? द्या, बघतो."

"आणलाय," मी म्हणालो. "पण आधी माझं लिहून घ्या. मी लेन्स बदलत नव्हतो."